पाखरू आणि आभाराचा घड

शुक्रवार उजाडला की तापीकाठच्या बोरपाडळ्याला चोपडा, शिरपूर, अमळनेर अशा सगळ्या बाजूंनी रिक्षा भरभरून बाया यायच्या. तिथे केळीच्या बागेत उखर्डू महाराजांची पत्र्याची शेड होती. शेडीत बारा खाटा, प्रत्येक खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा, आणि खाटेवर कंबरेला काळा दोरा बांधलेली एकेक बाई, पाय वर नि डोकं खाली करून उताणी पडलेली. महाराज पडद्याबाहेर डोळे मिटून बसायचे. बायांकडे ते कधी पाहत नसत, आणि एवढ्या एका गोष्टीवर निम्मा तालुका त्यांच्यावर खूश होता.

"माय, पाखरू कोठे शे?" ते बाहेरून विचारायचे.

"घरटामा गयं, महाराज!" आतून उत्तर यायचं.

की लगेच झांजा, टाळ्या, जयजयकार! झांजा कुटणाऱ्या पुरुषांना पाखरू म्हणजे काय, हे बिलकूल ठाऊक नव्हतं. बायांचं काहीतरी भूतखेत असेल, असं समजून ते मनोभावे कुटत होते. बायांना मात्र नेमकं ठाऊक होतं. बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं, दिवस कलला की मांड्यांमध्ये काहीतरी उतरल्यासारखं होतं, ओढ लागते, खोकला आला की लुगडं ओलं होतं. हे सांगायचं कुणाला? महाराजांनी त्याचं पाखरू केलं आणि बायांची मोठीच सोय झाली.

दीपमालेचं पाखरू आतापर्यंत दोनदा घरट्यात जाऊन दोनदा खाली आलं होतं. धाकटी रिद्धी झाली तेव्हा ती दीड दिवस कळा देत होती, आणि सव्वा महिना संपला त्याच आठवड्यात मजुरीने केळीचे घड वाहायला बागेत गेली. त्यानंतर हे सुरू झालं. तिने फक्त सासूला, कमलबाईला सांगितलं. कमलबाईने कुणाला न सांगता तिला शेडीत आणलं.

शेडीची रीत ठरलेली होती. तीन दिवस खाटेवर पडायचं, बुळबुळीत तीर्थ प्यायचं, आणि चौथ्या दिवशी आभाराचा घड वाहायचा. म्हणजे बागेतला वीस-बावीस किलोचा केळीचा घड डोक्यावर घ्यायचा आणि शेडीला सात फेऱ्या मारायच्या. पहिल्या वेळी दीपमालेचं पाखरू पाचव्या फेरीला खाली आलं, दुसऱ्या वेळी तिसऱ्या.

"पाखरू म्हंजे भित्रं जीव!" महाराज म्हणाले. "मंतर म्हंतं का घरटामा येस. पन जिना मनमा शंका, तिनं घरटं मोडस. आते तिसरांदाव पडनं ते पाखरू शापित समजो. तशी बाई घरमा ठेवानी नही."

हे वाक्य चारचौघांत बोललं गेलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दीपमालेचा नवरा भूषण झांजवाल्यांत होता. तोही ऐकून घरी आला. बायकोला माहेरी धाडायला लागलं तर पोरींचं काय करायचं, एवढंच त्याने आईला विचारलं. दीपमाला चुलीपुढे बसून ते ऐकत होती. तिने शंका घेतली नव्हती. घेतली असती तर निदान शिक्षेचं सार्थक तरी झालं असतं.

सोमवारी उपकेंद्रातली नर्स पुनम रिद्धीला लस टोचायला घरी आली. पोरगी रडली, दीपमालेने तिला उचललं आणि 'आई गं' म्हणत खाली बसली. पुनमने दार लोटून घेतलं आणि तिला तपासलं. शेडीची सगळी हकिकत ऐकून घेतल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"सकाळी उठता तेव्हा कुठे असतं?"

"मझारच ऱ्हास."

"दोरा नव्हता तेव्हाही आतच?"

दीपमालेने आठवून मान डोलावली. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुनमने रिद्धीच्या झोळीत हात दाबून दाखवला. "ही झोळी समजा. गर्भाची पिशवी, लघवीची पिशवी, सगळं हिच्यावर टेकलेलं असतं. बाळंतपणात झोळीच्या गाठी सैल झाल्या. आडवं पडलं की वजन वर सरकतं आणि अंग आपोआप आत जातं. म्हणून तर त्यांनी खाटेखाली विटा ठेवल्यात. उभ्याने जड उचललं की पोटातून दाब येतो आणि ते पुन्हा उतरतं. आणि तुमचं ते बुळबुळीत तीर्थ म्हणजे इसबगोल! पोट साफ राहतं, कुंथावं लागत नाही. महाराज कधीकाळी एका दवाखान्यात कंपाउंडर होते, तिथून शिकले असतील. तीन दिवस बरोबर इलाज करतात आणि चौथ्या दिवशी डोक्यावर घड देऊन तो मोडतात."

"मंग दोरा कसाले बांधतस?" दाराआडून कमलबाईचा आवाज आला. ती केव्हापासून तिथे उभी होती, कोण जाणे.

"तेच बघू या, अक्का. दोरा सोडून."

दीपमालेला वाटलं, आता सासू भडकणार. पण कमलबाई परसात गेली आणि दोन विटा घेऊन आली. काळा दोरा तिने सुनेच्या कंबरेचा सोडून शेळीच्या गळ्यात बांधला, फेकायला तिचं मन धजावलं नाही. तीन दिवस स्वयंपाक, पाणी, पोरी सगळं तिने ओढलं, आणि रोज सकाळी शेळी जिवंत आहे ना, हे आधी बघून घेतलं.

शुक्रवारी, चौथ्या दिवशी, दोघी रिद्धीला घेऊन शेडीत गेल्या आणि पडद्याबाहेर महाराजांपुढे उभ्या राहिल्या. महाराजांनी डोळे मिटले.

"पाखरू कोठे शे, माय?"

"घरटामा," दीपमाला म्हणाली. झांजा सुरू झाल्या.

"दोरानी शक्ती!" महाराज गरजले.

"दोरा सोमवारपाईन आम्हनी शेळीना गळामा शे, महाराज. मी घरनी खाटवर पडेल व्हतू."

झांजा थांबल्या. महाराजांनी एक डोळा उघडला. पण गडी मुरलेला होता. "पाहा चमत्कार! दोरानी शक्ती शेळीमाईन बठ्ठा घरमा पसरनी! आते घड उचल, माय."

दीपमाला घडाकडे गेलीच नाही. ती पडद्यामागच्या खाटांकडे वळली.

"बहिनीस्वन, खरं सांगा. तुम्हनं कवय पडनं? खाटवर, का घड उचलावर?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग कोपऱ्यातल्या खाटेवरून शेवंताबाई हळूच म्हणाली, "चौथी फेरीले."

"मनं ते दुसरीलेच."

"मी घड उचला आनि तठेच."

खाटेवर पाखरू पडलेली एकही बाई निघाली नाही. महाराज "शंका! शंका!" करत उठले, तेव्हा कमलबाई त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"एवढी शक्ती शे ते तूच घे हाऊ घड डोकावर. मार सात फेऱ्या."

"माले कसा जमी?" महाराजांच्या तोंडून निघून गेलं. "मनं हर्नियानं आपरेशन व्हयेल शे. डॉक्टरनी जड उचलानी मनाई करेल शे!"

आधी एक बाई हसली. मग बाराही खाटा हसल्या. पाय वर करून हसणं सोपं नसतं, पण त्या हसल्या.

कमलबाई मात्र हसली नाही. "स्वतःले डॉक्टर, आनि आम्हले घड?" तिचा आवाज फाटला. "मनं बी अंग भाईर पडस. भूषण व्हयना तव्हयपाईन. तीस वरीस मी केळीना घड वाह्यात आनि माले वाटे, मनीच करनीनं फळ शे."

भूषणच्या हातातली झांज तशीच राहिली. पाखरू म्हणजे काय, ते त्याला आज कळलं, आणि तेही स्वतःच्या आईच्या तोंडून. त्याने झांज खाली ठेवली आणि दीपमालेच्या कडेवरून रिद्धीला घेतलं.

त्या महिन्यात बोरपाडळ्याच्या खाटा रिकाम्या झाल्या. विटा बायांनी घरी नेल्या.

विटांनी सगळं भागत नाही, हे पुनमने प्रत्येकीला बजावलं. अंग बाहेर येणं हा शाप नाही, पाप नाही. सैल झालेले स्नायू व्यायामाने बऱ्याच जणींचे सावरतात. काहींना आतून आधार देणारी रिंग बसवतात, काहींना ऑपरेशन लागतं, आणि कुणाला काय लागेल ते तपासून डॉक्टर सांगतात. तेव्हा बायांनो, ज्या दुखण्याचं नाव घ्यायला तुम्ही लाजता, त्याच्यावरच अशा महाराजांचं पोट भरतं. नाव घ्या, विचारा, तपासून घ्या. आणि पुरुषांनो, झांज वाजवण्याआधी ती कशासाठी वाजते, तेवढं घरी विचारा.

पुढच्या बुधवारी सासू-सून एसटीने जळगावला गेल्या. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "पेशंट कोण?"

दीपमाला उठू लागली. कमलबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"पहिले मी," ती म्हणाली. "मी तीस वरीसपाईन नंबर लायेल शे."