आग ओकणारी मगर

मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये उन्मेष प्रधान कुणालाही 'कॅसेट' म्हणू देत नसे. जुन्या व्हिडिओ गेमची ती प्लास्टिकची डबी नव्वदच्या दशकात सगळं बडोदं कॅसेट म्हणून ओळखत होतं. उन्मेष तिला 'कार्ट्रिज' म्हणे आणि समोरच्यानेही तसंच म्हणावं असा त्याचा हट्ट असे. एखादा पाहुणा चुकला तर तो डोळे मिटून घेई, पोटात कळ आल्यासारखा चेहरा करी आणि मग शब्द दुरुस्त करून देई. पाहुणे दुसऱ्यांदा फारसे फिरकत नसत. बडोद्याची अभिरुचीच घसरली आहे, असं त्याने त्यावरून ठरवून टाकलं होतं.

पोटासाठी तो एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. पण जगायचा तो घरातल्या त्या एका खोलीत. जपानहून मागवलेली अस्सल कार्ट्रिजं काचेच्या कपाटात, पिक्चर ट्यूबचा अवजड टीव्ही समोर, आणि भिंतीवर गेमच्या खोक्यांवरची चित्रं फ्रेम करून लावलेली. कला म्हणजे ती. बडोद्यात चित्रकला शिकणारी पोरं काय काढतात हे त्याने एकदा प्रदर्शनात जाऊन पाहिलं होतं आणि "रंग सांडलेत" एवढं म्हणून घरी परतला होता. संगीताचं तर विचारूच नका. अवघ्या तीन सुरांच्या चिपमधून अख्खं युद्ध उभं करणारे ते जपानी संगीतकार कुठे आणि सोसायटीच्या कार्यक्रमात भोंग्यावर किंचाळणारे हौशी गायक कुठे! सासूबाई संध्याकाळी पेटी घेऊन भजनाला बसल्या की तो खोलीचं दार ओढून घेई.

या सासूबाई म्हणजे मंदाताई. नवरा गेल्यापासून तीन वर्षं त्या लेकीकडे, योगिनीकडे राहत होत्या. उन्मेष त्यांच्याशी वाईट वागायचा असं कुणी म्हणणार नाही. तो त्यांना 'आई' म्हणे, त्यांची औषधं आणून देई. फक्त त्यांनाही काही कळत असेल, ही गोष्ट त्याच्या खिजगणतीत नव्हती.

आणि अशा या माणसाच्या आयुष्यात एकदाचा तो फोन आला. 'बडोद्यातले व्हिडिओ गेम' या विषयावर एका आर्ट गॅलरीत प्रदर्शन होणार होतं आणि ते भरवणारी शर्वरी नावाची मुलगी त्याचा संग्रह बघायला येणार होती. उन्मेष वीस वर्षं याचीच वाट बघत होता. कुणीतरी जाणत्या माणसाने यावं, बघावं, आणि गॅलरीच्या भिंतीवर 'उन्मेष प्रधान संग्रह' अशी पाटी लागावी. पाटीची अक्षरं कुठल्या वळणाची असावीत हेसुद्धा त्याने ठरवून ठेवलं होतं.

शनिवारी अकराला शर्वरी आली. योगिनी शाळेत शिकवायला गेली होती.

"केम छो, उन्मेषभाई!" ती दारातूनच म्हणाली.

'भाई' ऐकून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण त्याने ती लपवली. मग सव्वा तास तो बोलत होता. चिपमधले सूर, खोक्यांवरची चित्रं, अस्सल आणि नकली यांतला फरक, लोकांचं अज्ञान, पुन्हा लोकांचं अज्ञान. शर्वरीने सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन फोटो काढले आणि झोळीतून एक कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

"अशा आहेत का हो तुमच्याकडे? ही पादरा गावात एका घरी माळ्यावर मिळाली."

उन्मेषने ती दोन बोटांनी उचलली. डबी हलकी, स्वस्तातली. वर हाताने रंगवलेला कागद चिकटवलेला, त्यावर वार्निश. त्याला हसू आवरेना.

"अहो, हा नकली माल. लहरीपुऱ्यात एक शेठ होता, तो मुंबईहून सुटी सर्किटं आणून असल्या डब्यांत भरायचा. आणि हे चित्र बघा! गेममध्ये ड्रॅगन आहे. ही आपल्या विश्वामित्री नदीतली मगर आहे. आग ओकतेय! आणि हा म्हणे निंजा. ही तर तोंडाला ओढणी गुंडाळून लुनावर निघालेली मुलगी. ज्या कुणी महाभागाने हे काढलंय त्याने गेम बघितलेला नाही आणि ब्रशही कधी धड धरलेला नाही."

"तेच तर हवंय मला," शर्वरी म्हणाली. "जपानी खोकी इंटरनेटवर कुणालाही दिसतात. ही मगर बडोद्याबाहेर कुठे आहे? मी या चित्रांसाठी एक अख्खी भिंत ठेवलीय. पण सहा महिन्यांत अशा फक्त चार कॅसेट सापडल्यात."

"आणि माझा संग्रह?"

"छानच आहे की. एखादं टेबल देऊ या त्याला. चालेल ने?"

टेबल! मगरीला भिंत आणि उन्मेषला टेबल. ही पोरगी काय प्रदर्शन भरवणार! हिला आता धडाच शिकवला पाहिजे म्हणून त्याने पलंगाखालचं खोकं ओढलं आणि तिच्यापुढे उघडलं.

"हे बघा. दोन वर्षांपूर्वी शेठने दुकान बंद केलं तेव्हा त्याच्याकडून पोतंभर घेतली. माझ्या अस्सल सर्किटांना रिकाम्या डब्या हव्या होत्या. साठ-पासष्ट तरी असतील. सगळ्यांवर हेच भयंकर कागद. एकही ठेवला नाही मी! थिनर लावून, पात्याने खरवडून, एकेक डबी स्वच्छ केली. तीन रविवार लागले."

शर्वरीने एक डबी उचलली. मग दुसरी, तिसरी. सगळ्या करड्या, कोऱ्या, चकचकीत.

"सगळ्या?" तिने विचारलं.

"सगळ्या," उन्मेष छाती काढून म्हणाला.

मंदाताई चहा आणि बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा घेऊन दाराशी उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पादरा गावची कॅसेट चष्म्याजवळ धरून पाहिली.

"शेपूट मला कधी नीट जमलंच नाही," त्या म्हणाल्या.

शर्वरी ताडकन उठली. "काकू, हे तुम्ही काढलंय?"

"लहरीपुऱ्याच्या शेठसाठी काढायचे मी. योगिनी शाळेत गेली की रंग घेऊन बसायचं, दिवसाला वीस कागद. शेठ तोंडी सांगायचे, 'बेन, ड्रॅगन एटले मोटो मगर, मोढामांथी आग नीकळे.' म्हणजे मोठी मगर, तोंडातून आग निघणारी. आता मगर काय, पुरात आमच्या फाटकापर्यंत आलेली बघितली होती. म्हटलं, आगीचं बघू. आणि निंजा म्हणजे तोंड बांधलेला, तलवारवाला, असं सांगितलं. तोंड बांधून फिरणाऱ्या आपल्या बडोद्यात कोण, तर मुली!"

"आणि गेम?"

"तो कुठला बघायला मिळणार? पण चित्र बघून पोरांनी दुकानात फतकल मारली पाहिजे, असं शेठचं म्हणणं. मारायची म्हणे." मंदाताई जरा लाजून हसल्या.

शर्वरीने त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. उन्मेष खोक्याशी उकिडवाच राहिला. त्याला ते तीन रविवार आठवत होते. पहिल्याच दिवशी मंदाताई म्हणाल्या होत्या, "एखादं राहू द्या ना, रंग छान आहेत." त्यावर तो म्हणाला होता, "आई, यातलं तुम्हाला काय कळतं? बसल्याच आहात तर खाली कागद धरा." आणि त्यांनी तिन्ही रविवार खरवड झेलायला वर्तमानपत्र धरलं होतं. भरलं की कचऱ्यात रिकामं करायचं, परत येऊन धरायचं. हे आठवून त्याला लाज वाटली म्हणावं, तर तसं नव्हतं. त्याला राग आला. साठ मगरी त्याच्या घरात होत्या! ती अख्खी भिंत त्याची झाली असती, त्याच्या नावाच्या पाटीसकट.

"काकू, भिंतीवर लावायला तुमचं पूर्ण नाव काय लिहू?" शर्वरीने वही काढून विचारलं.

"आई, पण तुम्ही बोलला का नाहीत?" उन्मेष मध्येच ओरडला. "एका शब्दाने सांगायचं होतं, हे मी काढलंय म्हणून!"

मंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"सांगितलं असतं तरी तुम्ही ती चित्रं खरवडलीच असती, उन्मेषराव. हसत हसत खरवडली असती, एवढंच. तेवढं नको होतं मला."

मग त्या शर्वरीकडे वळल्या आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं.