दिवाणाचं घर

माणूस जातो, पण त्याच्या वस्तू बोलत राहतात, असं शोकसभेत हमखास सांगतात. मोताळ्याच्या अनंतरावांच्या घरातल्या वस्तू नुसत्या करकरत होत्या, आणि तेही स्क्रू ढिले झाल्यामुळे.

अनंतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पत्नी शैलजाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा गंधार पुण्यात. सात वर्षांची नात आरोही यंदा मे महिन्यात पंधरा दिवस राहायला येणार, असं ठरलं होतं. म्हणजे गंधार फोनवर 'बघू' म्हणाला होता. अनंतरावांनी स्वतः तो शब्द खिडकीपलीकडच्या लोकांना तीस वर्षं ऐकवला होता. तरी त्यांनी तो होकार धरला आणि नातीला खेळायला अंगणात लाकडी घर बांधायला काढलं.

किसनराव मिस्त्री आले. टीव्हीचा स्टँड, कपाटाचं दार आणि शिलाई मशीनचं मेज आधीच अंगणात मांडलेलं होतं. शेवटी दिवाण बाहेर आला.

"साहेब, सागाचा हाय. काऊन तोडून राह्यले?"

"एकट्याला केवढा दिवाण लागतो?"

"मंग अर्धाच तोडू का?" किसनरावांनी गंभीरपणे विचारलं.

दहा दिवसांत घर उभं राहिलं. भिंती दिवाणाच्या, दार कपाटाचं, आत मशीनच्या मेजाचा ओटा. अनंतरावांनी सवयीप्रमाणे यादी केली: अनुक्रमांक, वस्तू, मूळ उपयोग, शेरा. सुवाच्य अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दाराला ठोकली. कचेरीत यादी नसलेली खुर्चीसुद्धा खुर्ची मानत नसत.

गंधारचा फोन त्याच संध्याकाळी आला. "बाबा, आरोहीचं स्केटिंगचं शिबिर लागलंय. दिवाळीत नक्की."

"बरं," अनंतराव म्हणाले. घराचं त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतली पोरं बोलावली. तीन दिवस अंगणात एवढा गलका झाला, की अनंतराव व्हरांड्यात बसून पेपरचं एकच पान तासभर वाचत होते. मध्येच 'हळू रे' म्हणत होते, तेही कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

चौथ्या दिवशी कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी शेजारच्या तानाबाई फाटकाशी आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊ, वाईट नका मानू. पन ज्या दिवाणावर वैनीचा जीव गेला, त्याच्यात लेकरं कशी धाडावी आमी?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमीच लिवलं ना. आमची नात तिसरीत गेली. दिसन ते वाचून राह्यली सध्या. घरी येऊन समदं म्हणून दाखवलं तिनं."

लिहिलं होतं खरं. दिवाणासमोर, शेऱ्याच्या रकान्यात: 'शैलजा यावरच गेली.' रकाना रिकामा सोडायची त्यांना सवय नव्हती.

किसनरावांना हे गल्लीतूनच कळलं. ते आपणहून प्लायवूड घेऊन आले. "ह्या फळ्या काढतो, हे ठोकतो. यादी फाडून टाका. लेकराईले आठ दिवसांत इसर पडते."

अनंतराव यादी काढायला उठले, ती काढलीही. किसनरावांनी पहिल्या फळीला पटाशी लावली. ती दिवाणाच्या डोक्याकडची फळी होती. तिच्यावर खोबरेल तेलाचा तळहाताएवढा काळपट डाग होता.

"राहू द्या," अनंतराव म्हणाले.

"मंग पोरं नाही येनार, साहेब."

"नाही येणार."

किसनरावांनी पटाशी पिशवीत टाकली. मग चहा पिऊन, प्लायवूड सायकलला बांधून निघून गेले.

आता दुपारचं जेवण झालं, की अनंतराव वाकून त्या घरात शिरतात आणि डागाच्या बाजूला डोकं करून आडवे होतात. घराची लांबी साडेचार फूट आहे. त्यांचे पाय बाहेर उन्हात राहतात.