मोनोदगडिक

अप्पाराव वीस वर्षं वेरूळची लेणी हिंदीतून दाखवत आला. पण हल्ली आपल्याकडचे लोक मोबाईलवरच माहिती ऐकत फिरतात, गाईडला विचारतो कोण? राहता राहिले गोरे पाहुणे. त्यांना फिरवायचं तर परवाना हवा, अन् परवान्याला इंग्रजीत तोंडी परीक्षा. हा परवाना हुकला तर धंदाच बंद. सगळं पाठ झालं हो, पण एक मेला शब्द काही केल्या जिभेवर बसेना: मोनोलिथिक. आणि कैलास लेण्याचा सगळा मोठेपणा तर त्याच शब्दात!

बारावीतली श्रेया म्हणाली, "पप्पा, त्याला फोडा. टाळ्या वाजवा. मो. नो. लि. थिक. चार टाळ्या झाल्या. आता अर्थ बघा. मोनो म्हणजे एक, लिथ म्हणजे दगड, इक नुसतं शेपूट. एका दगडाचं."

"लिथ म्हंजी दगड? मग सोपंय की! घरातच हाय."

भाकरी थापणाऱ्या दगडाबाईनं रागानं परात सरकवली. तिला आपल्या नावाची भारी लाज. आधीची तिन्ही लेकरं गेली, ही तरी जगावी, म्हणून आईबापानं असलं नाव ठेवलेलं. बँकेत नाव पुकारलं तरी बाई लवकर उठायची नाही. अप्पारावही लग्नापासून तिला 'अगं ए' म्हणूनच हाक मारायचा.

परीक्षेत मॅडमनी इंग्रजीतून विचारलं, कैलास लेण्याचं वैशिष्ट्य काय? अप्पारावला श्रेयाच्या टाळ्या आठवल्या. टेबलाखाली तो बोटांनी मांडीवर ठेका धरू लागला. मो, नो... अन् पुढं घरचंच नाव आलं.

"मोनोदगडिक!"

सगळे खो खो हसले. संपलं आता, त्याला वाटलं.

"म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं.

मग गडी सुटलाच. "मोनो, वन. दगड, स्टोन. इक, टेल. दगडा, माय वाइफ, मॅडम. थ्री बेबी डेड. ओन्ली वन लिव्ह. वन स्टोन. नॉट ब्रोकन."

हसणं थांबलं. "पाहुण्यांसमोर लिथिक म्हणा बरं का," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

घरी आल्यावर त्यानं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"अगं बाई! एवढ्या सायबलोकांत माझं नाव घेतलं?"

"घेतलं. तुझ्या नावानंच तरलो, दगडा."

दगडाबाई हातातलं पीठ झटकायचं विसरली. हळूच म्हणाली, "पुन्यांदा म्हना की."

"मोनोलि..."

"त्यो नाय वं. माझं नाव."