केरूची हारुमा आणि कमळाकरची ग्रोल्डर

मित्रांनो, वडखळजवळच्या एका गावात केरू सुताराचे घर आहे. त्या घराच्या पडवीत एक हिरवट पेटी ठेवलेली आहे. त्या पेटीत मी राहते. मी एक जुनी, बॅटरीवर चालणारी ड्रिल मशीन आहे. लाकडाला आणि लोखंडाला भोके पाडायची, स्क्रू आवळायचे, हे माझे काम. हारुमा हे माझ्या कंपनीचे नाव. ते माझ्या कुशीवर कोरलेले आहे, पण आता त्यातली अर्धीच अक्षरे वाचता येतात.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बोटीने मस्कतला गेले. केरू तेव्हा मस्कतला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करत होता. त्याचा मालक एक दिवस वर्कशॉपला कुलूप लावून निघून गेला आणि केरूला ठरल्यापेक्षा लवकर घरी यावे लागले. येताना त्याने घरासाठी फारसे काही आणले नाही, पण मला आणले. ही गोष्ट १९९३ ची.

त्या काळी आमच्या भागात बिनवायरची मशीन कुणी पाहिली नव्हती. केरूने मला पहिल्यांदा चालवले तेव्हा त्याची बायको मालू माझी वायर शोधत राहिली.

"हिचा प्लग कुठं हाय?" तिने विचारले.

"प्लग नाय. हिच्या पोटातच वीज भरलेली हाय," केरू म्हणाला.

मालूने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि पदराने पुसून परत दिले.

मला काम भरपूर मिळाले. धरमतरच्या जेटीवर माल उतरवणाऱ्या बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या बोटी, लागत. त्यांच्या केबिनच्या खिडक्या, दारे, बिजागऱ्या सतत निखळत. बार्जवर प्लग शोधत बसण्यापेक्षा बोटीचा मुख्य खलाशी, तांडेल, केरूलाच बोलावून घेई. हमरापूरला गणपतीच्या आधी मूर्ती बाहेरगावी पाठवण्यासाठी लाकडी खोकी लागत. दुपारी वीज गेली की बाकीचे सुतार विडी ओढत बसत आणि केरू मला घेऊन काम करत राही. लोक माझे कौतुक करत. केरू रोज संध्याकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचा. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय तो ती चार्जिंगला लावत नसे. मस्कतमध्ये त्याला कुणीतरी तसे शिकवले होते. त्यामुळे माझ्या दोन्ही बॅटऱ्या बरीच वर्षे टिकल्या.

मालूची धाकटी बहीण इंदुबाई रोह्याला दिलेली. तिचा नवरा कमळाकर तिथल्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. शिफ्ट संपली की तो बाहेर लोखंडी जाळ्या आणि शटर बसवण्याची कामे घ्यायचा. केरूकडे मला पाहिल्यावर त्यालाही अशी मशीन हवीशी वाटली. तो मुंबईला लोहार चाळीच्या बाजारात गेला आणि लाल रंगाची ग्रोल्डर घेऊन आला. ती जर्मनीची होती. माझी बॅटरी साडेनऊ व्होल्टची, तिची बारा व्होल्टची. तिला दोन गती होत्या, मला एकच. माझा बिट, म्हणजे भोक पाडणारे टोक, बदलायला चावी लागायची. तिचा बिट धरणारा चक हाताने पिळला की झाले. वजनाने मात्र ती माझ्यापेक्षा जड होती.

तेव्हापासून दोघे साडू भेटले की बोलणे आमच्यावरच यायचे. कुणाची बॅटरी किती टिकते, कुणाची मशीन जास्त तापते, कुणाच्या कंपनीचे सामान मुंबईत मिळते. सुरुवातीला त्यात मजा होती. मालू आणि इंदुबाई हसायच्या. "आमच्या सवती हाईत या दोघी," इंदुबाई म्हणायची.

मग कमळाकरच्या नव्या घराची वास्तुशांत आली. जेवणाआधी मांडवात पुरुषमंडळी बसली होती. केरूने मलाही बरोबर आणले होते. कुणीतरी म्हणाले, होऊन जाऊ द्या दोन्ही मशीनची शर्यत. सागाच्या चौकटीचा एक तुकडा उरला होता. तो पुढे ठेवला आणि दोघा साडूंनी एकदमच बटण दाबले. लाल मशीनने भोक आरपार पाडले तेव्हा मी अर्ध्यावर होते. सगळे हसले. केरू थांबला नाही. तो एकामागून एक भोके पाडत राहिला. कमळाकरही पेटला. शेवटी लाल मशीन कण्हत कण्हत बंद पडली आणि मी चालतच होते.

"नाचाला बरी हाय तुझी मशीन," केरू म्हणाला. "दिवसभराच्या कामाला नाय."

तेवढ्यावर संपले असते. पण पाहुण्यांसमोर कमळाकरचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "मी माझी दुकानात उभं राहून, पारखून आणली. मस्कतवरनं हाकलून दिलं म्हणून हातात आली ती नाय उचलली."

केरूने मला पेटीत ठेवले, मालूला हाक मारली आणि दोघे न जेवता एसटी स्टँडवर आले. बसमध्ये पेटी केरूच्या मांडीवर होती.

त्यानंतर दोन्ही घरांचे येणेजाणे थांबले. दोघी बहिणी आपल्या आईकडे, धोंडुबाईकडे, जायच्या, पण त्याही वेगवेगळ्या दिवशी. मालू पडवी झाडताना कधी कधी माझ्या पेटीकडे रागाने पाहायची. मला ते कळायचे. पण मी मशीन. मी काय करणार?

धोंडुबाईचे शेत धरमतरच्या खाडीलगत आहे. तिथली सगळी भातशेती बांधाच्या आधाराने उभी आहे. बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाणी सोडायची वाट. तिला लाकडाची जाड झडप असते. ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी झडप ढकलून खाडीत जाते आणि भरतीला खाडीचे पाणी तीच झडप दाबून बंद करते. झडप तुटली तर खारे पाणी शेतात शिरते आणि मग त्या जमिनीत काही वर्षे भात होत नाही.

१९९७ च्या श्रावणात अमावास्येच्या रात्री मोठे उधाण आले आणि उघाडीची झडप फुटली. दोन फळ्या चिरल्या, लोखंडी पट्टी उपटून आली. थोडे खारे पाणी आत आलेच. सकाळी ओहोटी लागल्यावर धोंडुबाईने स्वतः जाऊन पाहिले. दुपारची भरती याहून मोठी असणार होती. गावातली माणसे माती आणि गोणी घेऊन धावली, एकाने ट्रॅक्टर आणला. धोंडुबाईने केरूला निरोप धाडला आणि मग वडखळच्या एसटीडी बूथवर जाऊन रोह्याला फोन लावला.

मालू आईच्या घरी थांबली आणि केरू मला घेऊन बांधावर पोहोचला. झडप गंजलेल्या बिजागरीवर लोंबत होती, ती काढून आणणे शक्य नव्हते. ऐनाच्या नव्या फळ्या तिथल्या तिथेच बसवायच्या होत्या. वीज गावात, आणि गाव लांब. केरू घोटाभर चिखलात उतरला. ऐनाचे लाकूड फार कठीण. मी त्याला हळूहळू भोके पाडली. फळ्या बसल्या. त्यांच्यावर लोखंडी पट्टीला भोके पाडायला घेतली तेव्हा माझी पहिली बॅटरी संपली होती आणि दुसरीही दमली होती. दुसरी संपली तेव्हा भरतीचे पाणी केरूच्या पायाशी यायला लागले होते. पट्टी अजून निम्मी सैल होती.

तेवढ्यात बांधावर कमळाकरची स्कूटर थांबली. तो लाल मशीन घेऊन उभा राहिला. खाली आला नाही. केरूनेही वर पाहिले नाही.

धोंडुबाई बांधावरच बसली होती. ती म्हणाली, "एकमेकांशी बोलू नका, माझं काय म्हननं नाय. पन भोकं पाडा."

कमळाकर कंपनीच्या कपड्यांनिशी चिखलात उतरला. लाल मशीनने पट्टीत पहिले भोक पाडले ते पाहण्यासारखे होते. लोखंडाच्या कामात ती माझ्यापेक्षा सरस होती. केरू बोल्ट आवळत गेला, कमळाकर भोके पाडत गेला. दोघे बोलत नव्हते, पण हात बरोबर चालले होते. मग एका लाटेबरोबर झडप हलली, कमळाकरचा पाय घसरला आणि लाल मशीन त्याच्या चिखलाच्या हातातून सुटून पाण्यात गेली. त्याने बुडी मारून तिला बाहेर काढले. बटण दाबले. ती बोलली नाही.

आता तीन भोके राहिली होती आणि पाणी कमरेपर्यंत आले होते. कमळाकरने लाल मशीनची जादा बॅटरी माझ्यात घालून पाहिली. बसेना. आमच्या कंपन्यांनी बॅटऱ्यांचे आकारच वेगवेगळे ठेवले होते.

"केरूदादा," कमळाकर म्हणाला. दोन वर्षांनी त्याने ही हाक मारली होती. "ट्रॅक्टरची बॅटरी हाय. वायर माझ्या डिकीत हाय. हिला जोडता येईल. पन ती बाराची, ही साडेनऊची. जळेल ही."

केरूने माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही.

"जोड," तो म्हणाला.

कमळाकरने माझ्या रिकाम्या बॅटरीचे कवच फोडले आणि आतल्या पत्र्यांना वायरी गुंडाळल्या. ट्रॅक्टरची जड बॅटरी केरूने छातीशी धरली आणि तो पाण्यात उभा राहिला. मला कमळाकरने हातात घेतले. त्याच्या हातात मी प्रथमच येत होते.

मित्रांनो, मी आयुष्यात इतकी जोरात कधी फिरले नव्हते. पहिले भोक झाले. दुसरे झाले. तिसऱ्याला माझ्या अंगातून धूर निघू लागला. कमळाकर थांबला.

"थांबू नको," केरू म्हणाला.

तिसरे भोक आरपार गेले आणि मी बंद पडले. शेवटचा बोल्ट त्यांनी पाण्याखाली हात घालून आवळला. भरती चढली, झडपेवर आपटली, झडप चौकटीला घट्ट चिकटून बसली. वर माणसांनी मातीच्या गोणी रचल्या. खाडी बांधाच्या कडेपर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. त्या वर्षी धोंडुबाईच्या खालच्या दोन खाचरांतले भात जळले. बाकीचे पिकले.

त्या दुपारी दोघे जावई धोंडुबाईच्या घरी एका ओळीत जेवायला बसले. कमळाकर म्हणाला, "वास्तुशांतीला मी बोललो ते बोलायला नको होतं."

"भात वाढ गो," केरू मालूला म्हणाला. "त्याच्या पानात भात संपलाय."

कमळाकर मला रोह्याला घेऊन गेला. त्याने मला उघडले. माझ्या मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश जळून गेले होते, एक वायर वितळली होती. ब्रश मिळवायला तो मुंबईला दोनदा गेला. मी पुन्हा चालू झाले, पण पहिल्यासारखी ताकद राहिली नाही. लाल मशीनचेही त्याने सगळे भाग गोड्या पाण्याने धुऊन सुकवले. खाऱ्या पाण्याने ती आतून गंजली होती. ती पुन्हा उठली नाही. आमच्यात खरी चांगली कोण, हे मग ठरलेच नाही.

दिवाळीनंतर कमळाकर नवी मशीन घ्यायला निघाला. जाताना तो वाट वाकडी करून केरूकडे आला.

"कुठली घेऊ, केरूदादा?"

केरू रंधा मारत होता. तो थांबला. "तुझं काम लोखंडाचं. ग्रोल्डरच घे. लोखंडाला हारुमा पुरत नाय."

मी पेटीत होते. मी ते ऐकले. मला वाईट वाटले नाही, कारण ते खरे होते.

पुढे माझ्या आकाराच्या बॅटऱ्या येणे बंद झाले. केरूने नवी मशीन घेतली. मला टाकून मात्र दिले नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे अवजार असेल तर काम झाल्यावर ते पुसून ठेवा. खाडीकाठी राहत असाल तर तेलाचा हातही फिरवा. ते दुसऱ्याच्या अवजाराशी ताडून पाहायचे तर खुशाल पाहा. त्यातून कुठले काम कुणाला झेपते ते कळते. फक्त ते कुठून आणले आणि कसे आणले, यावरून त्याच्या मालकाला बोलू नका. ते त्याने कसे आणले असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक असते.