तिनंच परस्पर वाटलं

टेंभुर्णीच्या बाजारात वडील ख्वाजामियाँ जिथं घड्याळं दुरुस्त करायचे, त्याच टपरीत फरहाना मोबाइल दुरुस्त करायची. एका सोमवारी आशा कार्यकर्ती दीपमाला फोन घेऊन आली. गरोदर बायांची नोंद करायचं ॲप त्यात उघडत नव्हतं. फोन जुना, कंपनीनं त्याचं अपडेट बंद केलेलं.

"थांबा ताई, बघून राह्यले," फरहाना म्हणाली. दोन दिवस शोधून तिनं कुणा हौशी पोरांनी बनवलेलं सॉफ्टवेअर त्यात मारलं. ॲप चालू झालं.

"माझ्यासारख्या चाळीस जणी अडकल्यात. आमच्या आशांच्या ग्रुपवर टाक की, तुला जोडून घेते."

"असं सगळ्यांना वाटलं तर चालतं का, मला माहीत न्हाई, ताई."

"कोण बघतंय? बायांचं काम थांबलंय."

फरहानानं फाईल टाकली, खाली स्वतःचा नंबर दिला. फुकट.

चार महिन्यांनी कंपनीच्या तक्रारीवरून पोलीस आले. त्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचे स्वतःचे भाग होते, परवानगीशिवाय वाटलेले. लॅपटॉप गेला, दुरुस्तीला आलेले फोन गेले, फरहानाही गेली. तिसऱ्या दिवशी जामीन झाला.

पोलिसांनी दीपमालालाही जबाबाला बोलावलं. वाटेत तिच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक सत्यशीला म्हणाली, "सांग, मला काही ठाऊक न्हवतं, तिनंच परस्पर वाटलं. न्हाईतर आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील." दीपमालानं तसंच सांगितलं.

पुढं फरहाना तिच्या दारात आली. "ताई, तुम्हीच मागितलं होतं. कोर्टात एवढंच सांगा."

"मी जबाब देऊन बसले गं."

फरहाना पाणी न पिता गेली. बाजारात तोंड चुकवत दीपमालानं दोन वर्षं काढली. तोवर टपरीत दुसऱ्यानं चपलांचं दुकान टाकलं होतं.

जाफराबादच्या कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "आरोपीनं स्वतःहून फाईल वाटली?"

दीपमाला म्हणाली, "न्हाई. मी मागितली. चालतं का माहीत न्हाई, असं ती म्हणत होती."

"जबाबात वेगळं आहे."

"मी खोटं बोलले होते."

तिला फितूर साक्षीदार ठरवलं. पंधरा दिवसांत तिचं काम गेलं.

पण त्या साक्षीनं फरहाना सुटली नाही. कुणी का मागेना, परवानगीशिवाय वाटणं हा गुन्हाच, असं न्यायाधीशांनी निकालात म्हटलं. नफ्यासाठी केलेलं नाही, म्हणून शिक्षा कमी: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. दिवसभर ती मागच्या बाकावर पोलिसाशेजारी बसून राहिली.

संध्याकाळी बाहेर आली तेव्हा दीपमाला फाटकाशी उभी होती.

"दोन वर्षं लागली ताई तुम्हाला," फरहाना म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोलिसांच्या दाखल्यावर गुन्हा आला. आता मला कोण दुकान देणार?"

टेंभुर्णीची एसटी लागली. दोघी एकाच गाडीत चढल्या आणि वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.