पिवळं फडकं

स्वयंपाकघरातल्या नळाने खर्रकन उचकी दिली. पाणी थांबलं. घड्याळात बरोबर सात. सासऱ्यांनी खिडकीतून वर, चढाच्या टोकाकडे पाहिलं. शिवणवाल्या काकूंच्या कठड्यावर पिवळं फडकं नव्हतं.

चढावरच्या घरांची टाकी भरली की काकू कठड्यावर फडकं टाकायच्या. खाली व्हॉल्व्हपाशी उभे असलेले सासरे ते पाहायचे आणि मगच पाणी बंद करायचे. सात वाजोत नाहीतर सव्वासात. पाणी सोडण्याच्या त्यांच्या सबंध नोकरीत हाच कायदा. आजपासून पाणी कंपनीकडे गेलं होतं. व्हॉल्व्हवर घड्याळ बसलं होतं.

"वेळापत्रक कुणी लिहून दिलं कंपनीला?" सासऱ्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"मीच, बाबा," सून म्हणाली. पाणीखात्यात कारकून होती ती. "जुन्या कागदावर सहा ते सातच होतं. फडक्याला रकाना नव्हता."

"रकाना नाही म्हणून माणसं गाळलीस होय?"

तिचं तोंड एवढंसं झालं. सभेत कंपनीचा साहेब गोड हसत म्हणाला होता, सरकारने नुसतं सुकाणू धरावं, वल्ही आम्ही मारतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

तिने तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडची मुलगी भलतीच नम्र. "मॅडम, आपल्या भागाचा पुरवठा शंभर टक्के पूर्ण दिसतोय."

"अहो, वरच्या सोळा घरांत थेंब नाही!"

"इथे पूर्ण दिसतंय, मॅडम."

सासऱ्यांनी दारामागची लांब लोखंडी चावी उचलली. "येतो व्हॉल्व्ह उघडून."

"आता तो गुन्हा आहे, बाबा. धरून नेतील तुम्हाला."

"मग काय, हातावर हात ठेवून बसू?"

बाहेर वरच्या घरांतले रिकामे हंडे उतरणीला लागल्याचे आवाज येऊ लागले. तिने चावी त्यांच्या हातातून काढून घेतली. "मी लिहिलंय, मीच फिरवते."

"आणि नोकरी गं?"

तिने चावी काखेत मारली. पायांत चपला सरकवल्या. उंबऱ्यात लेक उभी, एकच वेणी घातलेली, दुसरीचे केस मोकळे.

"आई, त्या घड्याळाला काकूंचं फडकं दिसतं?"

"नाही गं, राणी."

"मग ते कुणाकडे बघून पाणी बंद करतं?"