राजकन्येची करंगळी

नाच शिकवणाऱ्या दॉ प्वा यी यांनी छत्रीचं टोक थेट चित्रावर टेकवलं. रंग अजून ओला होता, पण तो पुसला गेला तर जगाचं काही नुकसान होईल असं बाईंना वाटत नव्हतं.

"हा लुंगीचा घोळ पुढे कसा आला? नाचणारी तो टाचेने मागे उडवते. ही काय धुणं वाळत घालतेय?"

दुभाष्या बा तिनने ते जरा गोड करून चित्रकार साहेबाला सांगितलं. साहेबाने मान डोलावत वहीत टिपून घेतलं. मंडालेच्या उन्हात त्याचा पार उकडलेला खेकडा झाला होता. पुढच्या आठवड्यात चित्रं घेऊन तो आपल्या देशी निघणार होता, आणि त्याआधी चुका दाखवायला त्याने बाईंना बोलावलं होतं. या कामासाठी बाई उन्हातान्हात चालतसुद्धा आल्या असत्या.

"आणि इरावती टेकडीवर कधीपासून वाहायला लागली? दरबारी पोशाखातली राजकन्या भर दुपारी भाताच्या चिखलात काय करतेय? बेडकं धरतेय?"

मा न्वे तोंडावर हात ठेवून हसली. ती बाईंची शिष्या, त्यांना सयामा, म्हणजे गुरुबाई, म्हणायची. चित्रातला चेहरा तिचाच होता. हात मात्र तिचे नव्हते. तिचं मनगट थोड्याच वेळात थरथरू लागायचं, म्हणून हातांपुरतं साहेबाने बाईंना बसवलं होतं. सहा दिवस बाई हात उचलून बसल्या, आणि सहाही दिवस मनात म्हणत राहिल्या, ज्याला नदी कुठे आहे ते दिसत नाही, त्याला माझे हात काय दिसणार!

खिडकीशी म्हातारा ढोलवादक ऊ लू पे बसला होता. त्याचंही चित्र झालं होतं, गोल मांडलेल्या ढोलांच्या मधोमध बसलेलं. बाई त्याच्याशी बारा वर्षं बोलत नव्हत्या. ऐन भरात त्यांनी नाच सोडला तो या माणसापायी, हे साऱ्या मंडालेला ठाऊक होतं, कारण बाईच ते सांगत फिरल्या होत्या. म्हाताऱ्याचा ठोका मागे पडतो, असल्या तालावर बैल नाचेल, मी नाही. त्यानंतर कुठल्याच नावाजलेल्या मंडळीने त्याला वाजवायला बोलावलं नाही. आजही बाईंनी लाखेच्या डब्यातली तेलात मुरवलेली चहाची पानं सगळ्यांपुढे फिरवली, साहेबापुढेसुद्धा, आणि खिडकीजवळ येताच झाकण लावलं.

"आता हात बघायचे राहिले," बा तिन म्हणाला.

मा न्वे चित्रावर वाकली.

"सयामा, इथे तर मोठीच चूक झालीय. डावी करंगळी बघा. बाकीची बोटं मागे वळलीत आणि ही अशी काठीसारखी ताठ. अशी धरली म्हणून तुम्ही मला वेताने झोडलंय."

बाईंनी पाहिलं. करंगळी जशी होती तशीच त्याने काढली होती. नाचाच्या शेवटच्या दोन पावसाळ्यांत ती आखडत गेली होती. नाचताना मनगट झटकन फिरवलं की ती लपून जायची. हजारो माणसांनी बाईंचा नाच पाहिला, कुणालाही ती कळली नव्हती, आणि या खेकड्याने ती बरोबर हेरली होती.

बा तिनने मा न्वेचं बोलणं सांगताच साहेब ओशाळला आणि लगबगीने रंग कालवू लागला. कुंचल्याचे दोन फटकारे, की करंगळी वळणार होती आणि बाईंची बारा वर्षांची गोष्ट जशीच्या तशी खरी राहणार होती. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं.

ऊ लू पे चित्राकडे बघतही नव्हता. बाहेर राजवाड्याच्या खंदकातल्या कमळांकडे त्याचं लक्ष होतं. एवढी मोठी चूक निघाली तरी हा मान का वळवत नाही, ते बाईंना कळेना. मग कळलं. त्याला ती करंगळी आधीपासून ठाऊक होती.

"ऊ लू पे."

त्याने वळून पाहिलं.

"तुझा ठोका कुठे मागे पडायचा?"

"मनगट फिरायचं तिथे."

"आणखी कुठे?"

"आणखी कुठे कशाला पडेल?"

"मग तेव्हा तोंड का नाही उघडलंस?"

"बोट तुझं. मी काय बोलायचं?"

बाईंना लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे त्यांना आधी तो रागच वाटला. त्यांनी साहेबाचं मनगट घट्ट धरलं. कुंचला हवेतच राहिला.

"बा तिन, सांग याला, राहू दे. या आंधळ्याने अख्ख्या चित्रात तेवढं एकच पाहून काढलंय." मग त्या मा न्वेकडे वळल्या. "चूक नाही ती. माझं बोट आहे. नाच सोडला तेव्हाही वळत नव्हतं. याचा ठोका माझ्यासाठी थांबायचा. जा, बाजारात सांग, मंडळीत सांग. वाटेल त्याला सांग."

बाईंनी लाखेचा डबा उचलला आणि खिडकीशी जाऊन ऊ लू पेपुढे उघडा ठेवला. तंटा मिटला की दोघांनी एकाच डब्यातली पानं खायची, ही तिथली जुनी रीत. बाईंनी आधी आपली चिमूट उचलली आणि डावा हात न लपवता डबा त्याच्याकडे सरकवला.

ऊ लू पेने सावकाश चिमूटभर पानं तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"तेल कमी पडलंय," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा डब्यात हात घातला.